औताला वळसा

आम्ही वाशीला राहतो असे कुणाला सांगितले, की समोरचे गृहस्थ हमखास विचारतात, "स्टेशनच्या या बाजूला की त्या बाजूला?" मग त्यांना समजावून सांगावे लागते, की ती वाशी मुंबईकरांची. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या पठारावरची. इथे खाडी नाही, लोकल नाही आणि पाऊसही बेताचाच. त्यामुळे पाहुणे आमच्याकडे क्वचित येतात. आले तर भाऊबीजेला येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात.

परंतु मे २०२५ मध्ये नवल घडले. पुण्याचा आमचा दहा वर्षांचा भाचा भर उन्हाळ्यात, आपण होऊन, मामाकडे राहायला आला. हे मामाचे प्रेम असावे अशी माझी समजूत दोन मिनिटेच टिकली. पायांतले बूटही न काढता त्याने विचारले, "मामा, वाघ कुठं आहे?"

त्याचे म्हणणे अगदीच अस्थानी नव्हते. आमच्या जिल्ह्यात येडशी रामलिंग घाट हे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे चिमुकले अभयारण्य आहे. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये एक तरुण वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून, शेते, रस्ते आणि गावे चुकवीत, हा पठ्ठ्या शेकडो किलोमीटर चालत इथवर आला होता. वन खात्याने त्याला पकडून सह्याद्रीत नेऊन सोडण्याची खटपट केली. पण तो महिनोनमहिने हाती लागला नाही. इकडे गुरे राखणाऱ्यांची झोप उडाली आणि तिकडे पुण्यात आमच्या भाच्याची!

भाच्याचा या विषयातला अधिकार मोठा होता. 'वन्यजीव वाचवा' या विषयावर चित्र काढून त्याने शाळेत पहिला क्रमांक मिळवला होता. चित्रात वाघ होता, हत्ती होता, आणि जागा उरली म्हणून एक पेंग्विनही होता.

आम्ही त्याला रामलिंगाला नेऊन आणले. वाघ अर्थातच दिसला नाही. या ठिकाणी जटायूने सीतेसाठी रावणाशी झुंज दिली, अशी आमच्याकडच्या लोकांची श्रद्धा आहे. ती कथा त्याला सांगितली. एका पाखराची आठवण ठेवणारे हे रान आहे, असे मी मास्तरी थाटात म्हणालो. भाच्याने ते ऐकून घेतले. पण चेहरा वाघ न दिसल्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतावर गेलो. आमचे वाटेकरी दादा पावसाळ्यापूर्वीची पाळी घालीत होते. बांध ओलांडून आम्ही रानात पाऊल टाकले, तोच एक टिटवी कर्कश ओरडत डोक्यावर झेपावू लागली. भाच्याने ढेकूळ उचलले आणि भिरकावले. नेम चुकला म्हणून दुसरे उचलले.

"थांब, लेकरा!" दादांनी बैल उभे केले. "ती शिव्या देत न्हाई तुला. तिची पोरं हायती हितं."

त्यांनी बोट दाखवले तरी आम्हाला काही दिसेना. बऱ्याच वेळाने दिसले. खड्ड्यासारख्या खोलगट जागेत, चार खड्यांच्या शेजारी, मातीच्याच रंगाची आणि काळपट ठिपक्यांची चार अंडी होती. ना काडी, ना गवत. दादांनी औत उचलले, वळसा घातला आणि तेवढा तुकडा तसाच सोडून ते पुढे गेले. "औंदा चार म्हैने पाऊस," एवढेच बोलले. टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचे ठोकताळे बांधण्याची आमच्याकडची रीतच आहे.

वाचकहो, खरे सांगायचे तर त्या दिवशी लाज भाच्यापेक्षा मला अधिक वाटली. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ज्ञानदेव आपल्याला टिटवीची उपमा देतात. चोचीने सागर मोजायला निघालेली ती टिटवी मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण जिवंत टिटवी अंडी कुठे घालते, हे या एम. ए. झालेल्या गृहस्थाला ठाऊक नव्हते. दादांना ठाऊक होते.

पुढे जे झाले त्यात चूक माझी. उत्साहाच्या भरात मी शेजारची चार मुले घेऊन गेलो. मग आणखी तीन. दिवसातून दोन-तीन खेपा होऊ लागल्या. आम्ही गेलो की टिटवी उठे, आणि अंडी उन्हात उघडी पडत. मे महिन्याचे आमचे ऊन म्हणजे तापलेला तवा. त्या उन्हात ती माउली पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते, हे मला मागाहून वाचून कळले. शिवाय बाभळीवर बसलेला कावळा आमच्याकडे पाहत असे, तिकडे आमचे लक्षच नव्हते. सहाव्या दिवशी दोनच अंडी उरली.

भाचा काही बोलला नाही. घरी आल्यावर त्याने विचारले, "मामा, आपण गेलो म्हणून का?" मी "हो" म्हणालो. दुसरे खरे उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही लांब बांधावरूनच पाहत असू, तेही दिवसातून एकदा. तो वहीत लिहून ठेवी: किती वाजता बसली, किती वेळा उठली, कोण आले. जूनमध्ये शाळा उघडायला आली म्हणून तो पुण्याला गेला. आठवड्याने मी फोनवर कळवले, की खळगा रिकामा आहे आणि दादांनी दोन पिले आईच्या मागे पळताना पाहिली. टिटवीची पिले अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात. आईने इशारा दिला की जमिनीला चिकटून बसतात आणि ढेकळांत ढेकूळ होऊन जातात.

मुलांना वन्यजीवांबद्दल शिकवायचे म्हणजे आपण वाघाचे चित्र दाखवतो. चांगले आहे, पण वाघ मुलाला भेटत नाही, टिटवी भेटते. ज्याची ओळख नाही त्याला जपणार कसे? शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले नान्नज पाहा. माळढोकासाठी तिथे १९७९ मध्ये अभयारण्य झाले. हा पक्षीही टिटवीसारखा उघड्या माळावरच अंडे घालतो, आणि तेही बहुधा एकच. आपण त्या माळाला 'पडीक जमीन' म्हणत राहिलो. आज साऱ्या देशाच्या रानात माळढोक दीडशेही उरलेले नाहीत.

मग मुलांनी करायचे काय? प्रथम, घराभोवतीची दहा पाखरे मराठी नावांनी ओळखावीत. घरटे दिसले तर दूर उभे राहावे. हात लावू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. पिलू एकटे दिसले म्हणून उचलून घरी आणू नये. आई जवळपास असतेच. जखमी प्राणी आढळला तर वडीलधाऱ्यांना सांगून वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. संक्रांतीला नायलॉनचा मांजा आणू नये. आणि फटाके? आमच्याच तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. तेव्हा उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या झाडावर संध्याकाळी पाखरे वस्तीला येतात, त्या झाडाखाली माळ लावू नये.

दिवाळीच्या आगेमागेच, ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची. ते मूळचे सोलापूरचेच. १२ तारीख सालिम अलींची. या आठवड्यात एक सकाळ मुलांबरोबर बाहेर काढावी. वाघ दिसणार नाही. त्याची तयारी ठेवावी.

भाच्याचा जुलैमध्ये फोन आला होता. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात टिटवी बसली होती.

"कुणाकुणाला दाखवलीस?" मी विचारले.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "फक्त खेळाच्या सरांना सांगितलं. त्यांनी स्टंप दुसऱ्या बाजूला नेले."

दादांना ही हकिगत सांगितली. ते हसले आणि बैलांना वैरण घालायला निघून गेले.