हातोडा पडल्यावरचा स्टे

लिलावात विकल्या गेलेल्या मालमत्तेवर कोर्टाने तात्पुरती मनाई देऊच नये, असा सूर सध्या चढा आहे. पैसे मोजणारा अडकून पडतो, बँकेची वसुली रखडते, पुढच्या लिलावाला कोणी फिरकत नाही. आणि या सगळ्याचे खापर एका स्टेवर फुटते.

हा सूर लावणाऱ्यांच्या हाताशी दाखलाही भक्कम आहे. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला बाफना मोटर्सचा गहाण भूखंड युनियन बँकेने जून 2023 मध्ये लिलावात काढला. सेलिर या भागीदारी संस्थेची 105.05 कोटींची बोली मान्य झाली, जुलैअखेर पूर्ण रक्कम बँकेत पोचली. तरी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने कर्जदाराला 129 कोटी भरून मालमत्ता सोडवून घेण्याची मुभा दिली. 21 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बरेच झाले. बँकांच्या वसुली कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की गहाण सोडवण्याचा हक्क संपतो. हातोडा पडल्यावर जाग आलेल्या कर्जदाराचे लाड कशासाठी?

पण तिथे भांडण कर्जदार आणि खरेदीदाराचे होते. भूखंड कर्जदाराचाच नव्हता, असे कोणी म्हणत नव्हते. मालकीच्या वादात तिसराच माणूस उभा राहतो: विकलीत ती जमीन माझी! त्याने कर्ज काढलेले नसते, हप्ता थकवलेला नसतो. दिवाणी हुकूमनाम्याखालच्या लिलावात खरेदीदाराला ऋणकोचा जेवढा हक्क होता तेवढाच मिळतो. बँकांच्या जाहीर नोटिशीतही ‘जसे आहे जेथे आहे’ असे छापलेले असते. बोली लावायच्या घाईत ते कोणी वाचत नाही, इतकेच.

डहाणू तालुक्यात, महालक्ष्मीच्या विवळवेढे गावात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ सांगते, की आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. या मनाईत दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीतली आणि न्यायाधिकरणाच्या आदेशाने होणारी विक्रीही कंसात मुद्दाम घातली आहे. 1974 साली कायदा करणाऱ्यांना लिलाव ही जमीन काढून घेण्याची वाट होऊ शकते, हे ठाऊक होते. त्याच्याही 95 वर्षे आधी, दख्खनच्या दंग्यांनंतर, इंग्रज सरकारने गहाण नसलेल्या शेतजमिनीला हुकूमनाम्याच्या लिलावातून वगळले होते. दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा कुठे हे सुचले!

आज वाढवण बंदर याच डहाणू तालुक्यात होऊ घातले आहे. जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांना आणखी काय हवे? दाव्याचा निकाल लागेपर्यंत फेरफार नोंदला जातो, कुंपण पडते, तुकडे पाडून जमीन चौथ्या-पाचव्या हाती जाते. दावा चालू असताना घेतलेली जमीन निकालाला बांधील असते हे खरे. पण तेवढ्याने वर चढलेली इमारत उतरत नाही. प्रथमदर्शनी बाजू, सोय-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारी हानी या तीन कसोट्यांवर उतरणाऱ्याला मनाई नाकारली, तर पुढचा हुकूमनामा त्याने कुठे बजावायचा?

स्टेला मुदत घालून पाहिली गेली. सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठावी, हा 2018 चा नियम फेब्रुवारी 2024 मध्ये घटनापीठानेच मोडीत काढला. कोर्टाची तारीख पडत नाही म्हणून पक्षकाराने संरक्षण गमवावे, हे कुणाला पटणार?

गैरवापर होतो, तो होतोच. त्यावर कायद्यात उपाय आहे, पण दातपडका. एकतर्फी मनाईचा अर्ज 30 दिवसांत निकाली काढावा, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. बहुतेक ठिकाणी ती अपेक्षाच राहते. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवणाऱ्याकडून कलम 95 खाली भरपाईची सोय आहे, मर्यादा फक्त 50 हजार रुपये. 105 कोटींच्या व्यवहारात ही रक्कम वकिलाच्या एका तारखेलाही पुरणार नाही. ही मर्यादा मालमत्तेच्या किमतीशी जोडावी, आणि मनाई मागणारा कर्जदार असेल तर आधी रक्कम भरून घ्यावी. सातबारा हातात घेऊन आलेल्या तिऱ्हाइताला मात्र ती अट लावू नये.