चुन्याच्या रानात पक्ष आणू नका

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या येडाई देवीची पालखी डोंगरावरच्या देवळातून खाली उतरते आणि आमराईकडे निघते. वाटेत चुन्याचं रान लागतं. तिथं नजर जाईल तिथवर माणसं वाकलेली दिसतात. बायका पदराचा ओटा करून, पोरं टोपीत, म्हातारे थरथरत्या मुठीत, सगळे मातीतून चुनखडीचे पांढरे खडे वेचत असतात. माणशी पाच खडे, असा रिवाज. खडे ढिगावर टाकायचे, ‘आई राजा उदो उदो’ म्हणायचं आणि मागच्याला जागा करून द्यायची. हाच चुना पुढं देवीच्या देवळाला लागतो. त्या पांढऱ्या भिंतीकडं बघून कुठला खडा पुढाऱ्याचा आणि कुठला आराधिणीचा, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.

पण आपल्या गावोगावच्या यात्रांचं काय चाललंय?

ग्रामपंचायतीची निवडणूक कायद्यानं पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तरी गल्लीतलं शेंबडं पोरही सांगतं की कुठलं पॅनल कुणाचं. २०२२ला शिवसेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी फुटली. मुंबईत जे फुटलं त्याचे तडे आपल्या ओसरीपर्यंत आले. काल एका मोटारसायकलवरून प्रचाराला जाणारे दोघे आज पारावर एकमेकांकडं पाठ करून बसतात. निवडणुकीपुरतं हे चालायचंच. धाराशिव जिल्ह्याला भांडणाचं वावडं कधी नव्हतं, बांधाच्या वितीसाठी आपण पिढ्यान् पिढ्या कोर्टात जातो. पण आता हा दावा यात्रेत शिरलाय. वेशीवर दोन कमानी, पट्टीची दोन पावतीबुकं, एका गटाची पंगत सकाळी तर दुसऱ्याची संध्याकाळी. पालखी चौकात आली की खांदेकऱ्यांना उन्हात ताटकळत ठेवायचं, कारण साहेबांची गाडी अजून फाट्यावर आहे. आणि देवाच्या फोटोपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा. देव बिचारा फ्लेक्सच्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइजमध्ये.

हे असंच असतं, असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी एकदा अणदूर आणि नळदुर्गकडं बघावं. दोन्ही गावं तुळजापूर तालुक्यातली, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर एकमेकांना खेटून. दोघांत खंडोबा एकच. देवळं दोन, मूर्ती एक. वर्षातले दहाएक महिने देव अणदूरला राहतो आणि मार्गशीर्षातल्या यात्रेनंतर नळदुर्गजवळच्या मैलारपूरच्या देवळात जातो. तिथं पौष पौर्णिमेची मोठी यात्रा भरते, मग देव परत अणदूरला. देव असा उचलून नेता येत नाही. दोन्हीकडचे मानकरी बसतात, लेखी करार होतो, मगच मूर्ती निघते. वाटणी होऊ शकत नाही अशी वस्तू दोन गावांनी भांडण न करता कशी वापरायची, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. करार कशासाठी? तर दोघांचा एकमेकांवर विश्वास आहे म्हणून, आणि तो तसाच राहावा म्हणूनही. भाबडेपणानं एकी टिकत नाही, हे त्या जुन्या माणसांना पक्कं कळत होतं.

तेरचं तर विचारूच नका. तिथल्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आज कुणाला भर बैठकीत कच्चं मडकं म्हटलं, तर तो संध्याकाळपर्यंत वेगळा गट काढून पत्रकार परिषद घेतो. नामदेव मात्र विसोबा खेचरांकडं गेले आणि पक्के होऊन आले.

तुळजापुरात दसऱ्याचं सीमोल्लंघन होतं तेव्हा आई भवानीची पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. देवी आपल्या जिल्ह्याची आणि पालखी परजिल्ह्याची, यात कुणाला कमीपणा वाटलेला नाही. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला चादर चढवणारे हात एकाच धर्माचे नसतात. हे सगळं आपल्याकडं आहे, आयतं आहे. ते बाहेरून आणायचं नाही, फक्त नासू द्यायचं नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळ्या गावानं एकालाच मत द्यावं, असं मी म्हणत नाही. खुशाल वेगवेगळी मतं द्या, प्रचार करा, सभेत एकमेकांचे वाभाडे काढा. लोकशाहीला ते लागतंच. फक्त ते यात्रेत नको. आणि देवापुढं एक झालेल्या गर्दीची मोळी बांधून ती कुणाच्या दारात नेऊन टाकणारा तर सगळ्यात धोक्याचा. तो एकीची भाषा करतो आणि हिशेब मतांचा मांडतो. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामाला वापरू नये, असा कायदाच १९८८ पासून आहे. पण कायद्याच्या आधी गावाची लाज असते, आणि ती जास्त कामाची असते.

म्हणून पुढची यात्रा भरण्याआधी गावात जी बैठक होईल, तिला जा. फक्त कमिटीवाल्यांवर सोडू नका. बायकांनो, तुम्हीही जा. चूल पेटवायची, पुरणपोळी लाटायची, परडी घेऊन जोगवा मागायचा तुम्ही, आणि निर्णय तेवढा पारावरच्यांनी घ्यायचा, हे किती दिवस? पावतीबुक एकच छापा आणि पट्टीचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लावा. पालखीच्या वाटेवर कुठल्याच पक्षाचा फ्लेक्स नको, आपल्या पक्षाचा तर आधी नको. पुढारी आला तर त्यानं चप्पल काढून रांगेत उभं राहावं, त्याच्यासाठी पालखी थांबणार नाही. हे सगळं अणदूर–नळदुर्गसारखं कागदावर लिहा आणि दोन्ही पॅनलच्या माणसांच्या त्यावर सह्या घ्या. गेल्या निवडणुकीपासून ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याला स्वतः जाऊन बैठकीचं आवतण द्या.

आणि चैत्रात येरमाळ्याला या. पाच खडे तुमच्या वाट्याचे आहेत.