एकाला चार वेळा लस, दुसऱ्याला दोनदाच, असे का?

भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या आदेशांवरून देशभर वाद रंगला. कुत्री पकडून ठेवायची की लस टोचून सोडायची, यावर सगळेच बोलले. कुत्रे चावल्यावर शरीरात काय घडते, हे मात्र बाजूलाच राहिले.

सेनगाव तालुक्यातून आलेल्या बाप-लेकांचे उदाहरण घ्या. एकाच कुत्र्याने दोघांना चावले होते. दोघांच्याही जखमा खोल. मुलाच्या जखमेत सीरम टोचले आणि लसीसाठी चार वेळा बोलावले: त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. वडिलांना सीरम नाही. लस त्याच दिवशी व तिसऱ्या दिवशी, एवढीच. ‘‘साहेब, म्हाताऱ्याला अर्धाच इलाज का?’’ त्यांनी विचारले.

इलाज अर्धा नव्हता. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी पूर्ण कोर्स घेतला होता आणि त्याचे कार्डही जपून ठेवले होते.

तहसील कार्यालयात पहिल्यांदा गेलेला माणूस योग्य टेबल शोधण्यातच दिवस घालवतो. दुसऱ्यांदा तो थेट तिथेच जातो. प्रतिकारशक्तीचेही तसेच आहे. लस पहिल्यांदा मिळते, तेव्हा त्या विषाणूला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी आधी जाग्या होतात, वाढतात आणि मग प्रतिपिंडे तयार करतात. पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. पण या खटाटोपातून स्मृतिपेशी मागे उरतात. पुढच्या वेळी त्या काही दिवसांतच, कितीतरी जास्त आणि अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात.

मुलाच्या शरीरात ही स्मृती नव्हती. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत असताना थांबायला वेळ नसतो. म्हणून बाहेरची तयार प्रतिपिंडे, म्हणजे सीरम, थेट जखमेत द्यावी लागतात. ते उसने बळ आहे. काही आठवड्यांत संपते. तोवर लसीने स्वतःचे बळ उभे राहिले पाहिजे. रेबीजची लक्षणे दिसू लागली, की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही.

अडचण इथेच येते. जखम भरली, मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते, म्हणून अनेक जण दोन डोसनंतर येत नाहीत. ‘‘त्यांना दोनच दिले होते, मग मलाही पुरे,’’ हा हिशेब जिवावर बेतू शकतो. शिवाय कोर्स अपुरा असेल किंवा त्याची नोंद नसेल, तर पुन्हा चावल्यावर रुग्णाला नवा धरूनच उपचार करावे लागतात.

कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू 2030 पर्यंत संपवण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी कुत्र्यांचे लसीकरण हवेच. पण गावाजवळच्या रुग्णालयात सीरम मिळणे आणि न आलेल्या रुग्णाला आशाताईंनी आठवण करणे, हेही तितकेच हवे.

तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. आपली वसमतची हळद नावाजलेली असली, तरी या जखमेवर ती नको, चुना-तिखटही नको. दिलेली प्रत्येक तारीख पाळा. आणि कार्ड रेशनकार्डाशेजारी ठेवा.