सामान कुणाचं, ओझं कुणाला?

ब्रेकअपनंतर 'मूव्ह ऑन हो' असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पण जो निघून गेला त्याच्या सामानाचं काय करायचं, असं विचारलं की त्याच मंडळींकडे दोनच उत्तरं असतात. एक, देऊन टाक भंगारवाल्याला. दोन, राहू दे गं, नेईल कधीतरी. पहिल्यात सूड आहे, दुसऱ्यात आळस. माझा विरोध दोन्हींना आहे.

पुण्यातल्या वन बीएचकेत आम्ही दोघांनी तीन वर्षं काढली. तो बंगळूरला गेला तो एक सूटकेस घेऊन. मागे राहिली गिटार, पुस्तकांची दोन खोकी, बंद पडलेला मॉनिटर, दहावीपासूनच्या मार्कशीटांची फाइल आणि त्याच्या आजीने शिवलेली गोधडी. भाडं आता मी एकटी भरते, म्हणजे दर महिन्याला माझ्या पगारातून त्याच्या गिटारीचंही भाडं जातं. गोधडीला ऊन दाखवायचं, पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून खोकी हलवायची, हेही माझ्याच गळ्यात. मेसेज केला की उत्तर ठरलेलं, 'बघतो, या महिन्यात जमवतो.' मैत्रिणी म्हणतात, त्याचा जीव अजून अडकला असेल. जीव अडकला असता तर निदान मार्कशीट तरी नेल्या असत्या. त्याला फुकटचं गोदाम मिळालंय, इतकंच.

मग फेकून का देत नाही? कारण नातं संपलं म्हणून मालकी संपत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ सांगतं की, दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ती ताब्यात घेतली, तर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम सापडलेल्या वस्तूंसाठी आहे, पण त्यातला विवेक घराच्या माळ्यालाही लागू पडतो.

शिवाय चावी ज्याच्या हातात, सत्ता त्याची. आज ती माझ्या हातात आहे. पण एखादी मुलगी रात्री नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडते आणि तिची डिग्री, पासपोर्ट, आईच्या बांगड्या आत राहतात, तेव्हा चावी दुसऱ्याकडे असते. लग्नातल्या स्त्रीधनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की, ते नवऱ्याच्या ताब्यात असलं तरी मालकी बायकोचीच. 'सोडून गेली, म्हणजे टाकून दिलं' हा न्याय आपण गिटारीला लावला, तर उद्या तो बांगड्यांनाही लागेल. म्हणून मी गिटार विकणार नाही, आणि मार्कशीटचे फोटो स्टोरीवर टाकून हशाही मिळवणार नाही.

पण सांभाळण्यालाही मुदत हवी. आमची पिढी अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्समध्ये पंखे, ट्यूबलाइट, गीझर मोजून लिहिते. नोकरी सोडताना लॅपटॉप परत करते, तेव्हा कुठे शेवटचा हिशोब होतो. ज्याच्यासोबत संसार थाटला त्याच्याशी यादी केली, की मात्र आम्ही 'व्यवहारी' ठरतो. कागद नको म्हणून लग्न टाळलं, काही हरकत नाही. पण कागद टाळून हिशोब टळत नाही; तो एकाच्याच माळ्यावर जाऊन बसतो. फारकत हा जुना शब्द नुसत्या वेगळं होण्याचा नाही, तसं लिहून देण्याचाही आहे. लिहून देणाऱ्यांना कुणी कोरडं म्हटलं नसावं.

मी फोटोंसकट यादी मेल केली आहे. मुदत साठ दिवस, कुरिअरचा खर्च त्याचा. मुदत उलटली तर सगळं सामान टेम्पोने त्याच्या गावच्या घरी जाईल, आणि भाडं सामान उतरवून घेणाऱ्याने द्यायचं. प्रत्येक जोडप्याने वेगळं होताना एवढं तरी करावं: यादी, तारीख, सही.

यात ज्यांना निष्ठुरपणा दिसतो, त्यांनी खुशाल आपला माळा रिकामा करावा. गिटार मी स्वतः आणून देते.