चमक वाढली, ऊर्जा-संक्रमणाचे काय?

रोग बळावण्याआधीच रक्ताच्या एका थेंबातून त्याचा माग लागावा, यासाठी संशोधकांची मोठी भिस्त अनुस्फुरणावर, म्हणजेच फ्लुओरेसन्सवर आहे. त्यातील सर्वांत नाजूक हत्यार म्हणजे दोन रंगद्रव्यांमधील ऊर्जा-संक्रमण. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फ्योर्स्टर यांनी १९४० च्या दशकात त्याचे गणित मांडले. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला ‘दाता’ रेणू आपली ऊर्जा शेजारच्या ‘ग्राही’ रेणूला देऊन टाकतो आणि उजळतो तो ग्राही. अंतर दुप्पट झाले, की संक्रमणाचा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. दहा नॅनोमीटरपलीकडे हा व्यवहार जवळपास थांबतोच. शोधायचा रेणू येऊन चिकटला, की दाता व ग्राही यांतील अंतर बदलते आणि रंगही बदलतो. संवेदक काम करतो तो या बदलावर.

हा उजेड फार क्षीण असतो. तो वाढवण्यासाठी सोन्या-चांदीचे नॅनोकण पुढे आले. योग्य रंगाचा प्रकाश पडताच या कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावू लागतात आणि कणाभोवतीचे विद्युत क्षेत्र कितीतरी पटींनी तीव्र होते. जर्मनीतील फिलिप टिनेफेल्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये डीएनएपासून रचलेल्या खांबावर दोन सुवर्णकण बसवून, त्यांच्यामधील फटीत ठेवलेल्या रंगद्रव्याची चमक ११७ पटींपर्यंत नेली. मात्र धातू अगदी लगत आला, तर तो ऊर्जा स्वतःच गिळतो आणि रेणू विझतो. म्हणून कणांवर सिलिकाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवून अंतर राखावे लागते.

येथवर मतभेद फारसे नाहीत. परंतु चमक वाढणे आणि संक्रमण वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्साहाच्या भरात त्यांची सरमिसळ होते. ब्रिटनमधील पिअर्स अँड्र्यू व विल्यम बार्न्स यांनी २००० मध्ये आरशांमधील सूक्ष्म पोकळीत प्रयोग करून भोवतालच्या रचनेनुसार संक्रमणाचा वेग बदलतो, असा निष्कर्ष काढला. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी डीएनएने ठरावीक अंतरावर बांधलेल्या जोड्या आरशाजवळ ठेवल्या. दात्याच्या स्वतःच्या उत्सर्जनाचा वेग बदलला, संक्रमणाचा मात्र होता तसाच राहिला. तसे असेल, तर धातूच्या संगतीत दाता लवकर उजळून मोकळा होतो आणि ग्राहीच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा येते. संवेदक झगझगीत दिसतो, पण त्याची कार्यक्षमता घटलेली असते!

‘इतक्या पटींनी वाढ’ या दाव्यांचीही छाननी हवी. मुळात मंद असलेल्या रंगद्रव्याची चमक अनेक पटींनी वाढवता येते. जे आधीच उत्तम उजळते, त्याला तितका वाव नसतो. रोगनिदानासाठी असा संवेदक वापरायचा, तर प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर दात्याचा नॅनोसेकंदांतील आयुष्यकाळही मोजायला हवा. धातूमुळे तोही आपोआप घटत असल्याने, ग्राहीविना, केवळ दाता व नॅनोकण यांवरील मोजमाप तुलनेसाठी लागतेच.