आधी काम विचारा, मग सिस्टीम बदला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. २०१५च्या जुलैत आलेली ही सिस्टीम त्या दिवशी बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशीही संगणक सुरू झाला, बँकेची साइट उघडली, मुलांनी गेम खेळले. थांबली ती दर महिन्याला मिळणारी सुरक्षेची डागडुजी. म्हणूनच घरोघरी, क्लासमध्ये आणि छोट्या कार्यालयांत एकच प्रश्न विचारला जातो आहे: चांगला चालणारा पीसी बदलायचा का?

हा प्रश्न लोक कंपनीला विचारत नाहीत. तो विचारला जातो सोसायटीतल्या किंवा नात्यातल्या त्या एका मुलाला, जो फॉरमॅट मारून देतो, रॅम टाकून देतो, हँग होणारा लॅपटॉप मार्गी लावतो. लॅमिंग्टन रोडच्या किंवा तपकीर गल्लीच्या संगणक-बाजारात काय घ्यावे, हेही त्यालाच विचारतात. हौसेखातर दिलेल्या या सल्ल्यावर अनेक घरांचा खर्च आणि सुरक्षितता अवलंबून असते. म्हणून तो सल्ला कसा असावा, याचा गंभीरपणे विचार व्हायला हवा.

धोका खरा आहे का? आहे. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. जूनमध्ये त्याच त्रुटीचाही वापर करणारा नॉटपेट्या आला आणि त्याच्या तडाख्यात आपल्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तेव्हा दुरुस्ती हाताशी होती. पाठिंबा संपलेल्या सिस्टीमला ती नियमित मिळत नाही. विंडोज १०वरील डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८पर्यंत मिळत राहणार आहे, हे खरे. पण अँटिव्हायरस हा पहारेकरी आहे, सिस्टीममध्ये पडलेले भगदाड तो बुजवू शकत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच वजनदार आहे. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७मध्ये हौसेने असेंबल करून घेतलेला, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला पीसीही अपात्र ठरतो. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या रायझनचीही तीच गत. हे संगणक कामाला कमी पडतात म्हणून बाद झालेले नाहीत. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या एक चतुर्थांशाहून कमी कचऱ्यावर रीतसर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. चालते यंत्र या ढिगात टाकायला सबळ कारण हवे.

सल्ला देणाऱ्याने पहिले काम बायोसमध्ये करावे. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून आत शिरले की, इंटेलच्या बोर्डवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ नावाचा पर्याय सापडतो. प्रोसेसर पात्र असूनही हा पर्याय बंद असल्यामुळे ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असा संदेश आलेला असू शकतो. पर्याय चालू केला की नवे काही विकत न घेता मार्ग मोकळा होतो. त्याआधी एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी. लॅपटॉपवर बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. बायोसमधल्या बदलानंतर सिस्टीम ती मागू शकते आणि की नसेल तर सगळा डेटा कुलपात राहतो.

प्रोसेसरच अपात्र असेल तर काही जण अटी वगळून विंडोज ११ टाकून देतात. रूफससारख्या साधनाने ते सहज होते आणि संगणक चालतोही. पण अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही. शिवाय विंडोज ११वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो, त्यामुळे या अटी वगळल्या तर ज्या मुलासाठी हा उपद्व्याप केला त्याचाच गेम अडू शकतो. स्वतःच्या पीसीवर हा प्रयोग जरूर करावा. ज्याला पुढची दुरुस्ती स्वतः करता येणार नाही, त्याच्या यंत्रावर करू नये.

मधला मार्ग कंपनीनेच ठेवला आहे. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्यासाठी पैसे लागत नाहीत. तो ठेवायचा नसेल तर ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट द्यावे लागतात. विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी होते. इतका सोपा पर्याय असताना काहीच न करणे चूक आहे. मात्र हा दिलासा मुदतीचा आहे.

आता लिनक्स. जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाका, असा आग्रह हौशी मंडळी आवर्जून धरतात, आणि त्यात तथ्य आहे. मिंट मोफत आहे, चार जीबी रॅमवर नीट चालते आणि त्याच्या २२व्या आवृत्तीला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेन ड्राइव्हवरून सुरू करून हार्ड डिस्कला हात न लावता ते पारखता येते. केरळमधल्या शाळा अनेक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, लिब्रेऑफिसमधले अर्ज आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवरचे युनिकोड मराठी एवढेच ज्या घराचे काम आहे, तिथे काहीही अडत नाही.

जिथे अडते तिथे मात्र पुरते अडते. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला विंडोज लागते. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांच्या फायली असलेल्या छापखान्याला ‘युनिकोड वापरा’ म्हणून मोकळे होता येत नाही. कित्येक कार्यालयांत अजून ठणठणीत असलेला कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवायला बराच खटाटोप करावा लागतो. स्वातंत्र्याचे तत्त्व कितीही पटले, तरी महिनाअखेरीला बिले छापली गेलीच पाहिजेत.

गेमच्या बाबतीत जुने मत बदलायची वेळ आली आहे. वाल्व्ह कंपनीने २०१८मध्ये आणलेल्या प्रोटॉन या साधनामुळे आणि २०२२च्या स्टीम डेक या गेमयंत्रामुळे विंडोजसाठी बनलेले असंख्य गेम लिनक्सवर चालू लागले. एकट्याने खेळायच्या गेमसाठी लिनक्स आता दुय्यम राहिलेले नाही. काउंटर-स्ट्राइक २ तर थेट चालतो. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमचे तसे नाही. त्यांच्या अँटीचीट व्यवस्थेमुळे व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत आणि एपेक्स लेजंड्सने २०२४मध्ये लिनक्सचा पाठिंबा काढून घेतला. तेव्हा मुलगा कोणता गेम खेळतो हे आधी विचारावे, मग मत द्यावे.

नवा संगणक घेणे ही चैन आहे, असेही सरसकट म्हणता येत नाही. ज्याची रोजीरोटी त्यावर चालते, त्याने शेवटची मुदत गाठण्याआधी बदल करावा. पण कारण केवळ ‘फार स्लो झालाय’ एवढेच असेल तर थांबावे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसवली की डेटा वाचायचा वेग तिप्पट-चौपट होतो आणि विंडोज सुरू होताना होणारा खोळंबा बहुतांशी संपतो. पंखा साफ करून प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली तर तापून मंदावणारा लॅपटॉपही सावरतो. या दुरुस्त्यांनी वेग मिळतो, सुरक्षा नाही, एवढे भान ठेवावे.

हे सगळे तोलून पाहता एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, पण क्रम ठरवता येतो. यंत्र पात्र असेल तर विंडोज ११ करावे. अपात्र असेल तर वाढीव अपडेट लगेच घ्यावेत आणि मिळालेल्या वेळात पेन ड्राइव्हवरून मिंट वापरून प्रिंटर, वायफाय, मराठी टायपिंग तपासावे. सगळे जमले तर तिकडे वळावे. टॅली, छापखाना किंवा स्पर्धेचे गेम असतील तर विंडोज ११ला पात्र असलेल्या पीसीसाठी, जुन्या बाजारातला का असेना, पैसे बाजूला काढायला लागावे. जुन्या फायलींसाठीच लागणारा विंडोज १०चा पीसी नेटपासून तोडून ठेवावा. आणि कोणत्याही वाटेने जाण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

जबाबदारी कंपनीचीही आहे. विंडोज ११च्या कडक अटींमागे सुरक्षेचा विचार आहे, हे मान्य करूनही, २०१७चे सुस्थितीतले यंत्र एका वर्षाच्या सवलतीवर सोडणे न्याय्य नाही. ही मुदत ग्राहकांसाठी आणखी वाढवावी, अशी मागणी रास्त आहे.

आणि जो सल्ला देतो, त्याने आपली आवड दुसऱ्याच्या टेबलावर लादू नये. लिनक्स टाकून दिले तर पहिले काही आठवडे फोन उचलायची तयारी ठेवावी. क्रॅक केलेले विंडोज कुणालाही टाकून देऊ नये, कारण त्या क्रॅकमधूनच व्हायरस घरात येऊ शकतो. संगणक दुरुस्त करता येणे हे कौशल्य आहे. समोरच्याचे काम समजून घेऊन, त्याचा खर्च आणि धोका दोन्ही त्याला स्पष्ट सांगणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे.