अँटिबायोटिकनंतरची खाज आणि महागड्या कॅप्सूल

लघवीची आग थांबते, ताप उतरतो, अँटिबायोटिकचा कोर्स संपत येतो आणि बाईला दुसरेच दुखणे लागते. जागेवर खाज, जळजळ आणि फुटलेल्या दह्यासारखे पांढरे जाणे. सांगायची लाज वाटते. कुणी म्हणते उष्णता वाढली, कुणी तर तिच्या चालचलणुकीवरच बोट ठेवते.

भगिनींनो, चालचलणुकीचा इथे काही संबंध नाही. ही कँडिडा नावाची बुरशी. निरोगी बाईच्या अंगातही ती थोडीफार असू शकते. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू राहतात, ते आम्ल तयार करून इतर जंतूंना आवरतात. अँटिबायोटिकला आपला-परका कळत नाही. हे जंतूही मरतात. बुरशी मात्र त्या गोळीने मरत नाही, उलट माजते.

म्हणून औषधवाला कोर्सबरोबर प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जंतूंच्या कॅप्सूल पुढे करतो. ऐकायला पटते. पण ऑस्ट्रेलियात मेलबर्नला हे पारखून पाहिले गेले. अँटिबायोटिक घेणाऱ्या काही बायकांना लॅक्टोबॅसिलस पोटातून दिले, काहींना योनिमार्गातून, काहींना नुसतेच दिसायला तसे औषध. निकाल २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. २३५ बायकांपैकी ५५ जणींना त्रास झालाच, आणि जंतू घेतलेल्यांना तो काही कमी झाला नाही. तेव्हा रोजंदारीच्या घराने यासाठी त्या कॅप्सूलवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दही जेवणात जरूर खा. तिथे लावू मात्र नका.

खरा उपाय साधा आहे. क्लोट्रिमॅझोलची योनिमार्गात ठेवायची गोळी किंवा मलम डॉक्टर देतात. पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोल गरोदर बाईने मनाने घेऊ नये. पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर तपासून घ्या, कारण पांढरे जाणे प्रत्येक वेळी बुरशीचेच नसते. घाण वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे, ताप असेल तर लगेच दवाखाना गाठा. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

खाजेच्या भीतीने कोर्स अर्धवट सोडू नका. पण साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागूही नका. सर्दी विषाणूंची, तिच्यावर ते चालतच नाही. आणि मागे असा त्रास झाला असेल, तर डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच त्यांना सांगा.